दीड टनाचा हिशेब

नवा एसी कितीला पडला, असं गेल्या दिवाळीत घरी आलेल्या बहुतेकांनी विचारलं आणि घरातल्या तिघांनी तीन उत्तरं दिली. यांनी सांगितलं पस्तीस हजार. मी सांगितलं साडेएकावन्न. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पाच क्विंटल कापूस गेला पाय त्याच्यात." तिन्ही उत्तरं खरी आहेत. यांचा आकडा दुकानाच्या पावतीवरचा. माझा वहीतला, मास्तरीण असल्यामुळं घरखर्चाची वही मी लग्नापासून ठेवते. आत्याबाईंचा हिशेब मात्र आमच्याकडे सगळ्यांत जुना. त्या सोन्यापासून औषधापर्यंत सगळं कापसातच मोजतात.

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातलं गाव, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीत 'घाटाखालचं'. माझं माहेर बुलढाण्याचं, घाटावरचं. राजूर घाट चढून वर गेलं की हवा बदलते, हे लहानपणी आम्हाला सांगावं लागत नसे. एसटीच्या खिडकीतूनच कळायचं. बुलढाणा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर आहे. तिथं मे महिन्यातही पहाटे गच्चीवर चादर ओढून झोपलेली मी. लग्न होऊन खाली आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर ती गरम. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा हा सगळा पट्टा एप्रिल लागला की चाळिशी ओलांडतो आणि मेमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. माहेरची माणसं अजूनही म्हणतात, "खेड्यात राहून एसी कशाला?" त्यांना घाट उतरून एक रात्र राहायला बोलवावं, एवढंच माझं उत्तर असतं.

पण यात एक गंमत आहे. आमच्या घराच्या पुढच्या भागाला एसी लागत नाही. तो भाग सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेला, धाब्याचा. जाड मातीच्या भिंती, वर सागाची लाकडं, त्यावर पाटण आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारी दोन वाजता तिथं पंख्याखाली माणूस झोपू शकतो. मागचा भाग आम्ही २००८ साली पाडून स्लॅबचा केला. कारणं खरीच होती. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, ती टाकणारी माणसं मिळेनात. लाकडांना वाळवी लागलेली. आषाढात दोन-तीन ठिकाणी पातेली मांडून झोपायचो. स्लॅब झाला, गळती थांबली, आणि चार वर्षांतच कळलं की दिवसभर ऊन पिऊन तो स्लॅब रात्री दोनपर्यंत ते खोलीत सोडत बसतो. गावात निम्म्या घरांची हीच कहाणी आहे. कुणाचं घरकुल, कुणाचं टिनाचं, कुणाचा स्लॅब. धाबं गेलं तिथं कूलर आला.

पहिला एसी आम्ही २०१३च्या उन्हाळ्यात घेतला, तोही हौसेनं नाही. सासऱ्यांना लकवा मारला होता, मागच्या खोलीत पलंगावर होते, पाठीला जखमा होऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, घाम येऊ देऊ नका. दीड टनाचा, तीन तारे असलेला स्प्लिट एसी एकतीस हजारांना आणला. त्या वर्षीच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,००० रुपये. आत्याबाईंनी तेव्हाच बोटं मोजून सांगितलं होतं, "आठ क्विंटल." २०२५-२६च्या हंगामात तोच हमीभाव ८,११० झाला आणि एसीची किंमत एकतिसाची पस्तीस झाली. म्हणजे कापसात मोजलं तर यंत्र बारा वर्षांत जवळजवळ निम्म्यानं स्वस्त झालं. अर्थात हमीभाव कागदावरचा. यंदा खेडा खरेदीला आलेले व्यापारी सात हजारही द्यायला तयार नव्हते, म्हणून आत्याबाईंच्या हिशेबात चाराचे पाच क्विंटल झाले. तरी आठाचे पाच झालेच.

सासरे गेल्यावर ती खोली आत्याबाईंची झाली. त्यांना दमा आहे. एसी चालत राहिला, पण शेवटचे काही उन्हाळे त्याचं एक ठरून गेलं होतं: मार्चअखेर सुरू करायचा, आठवड्याभरात हवा नुसती पंख्याची येऊ लागायची, मग मलकापूरहून मेकॅनिक, मग गॅस. गॅसचा खर्च दरवर्षी वाढत गेला. अठराशे, बावीसशे, अठ्ठावीसशे. वहीत ओळीनं लिहिलेला आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये तो पुरता बसला. आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीनं गाव विचारलं, मी सांगितलं, तिनं तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी मला ज्या माणसाचा फोन आला तो होता अमरावती जिल्ह्यातला. त्यानं धामणगाव म्हणजे धामणगाव रेल्वे धरलं होतं. "मॅडम, स्टेशनपासून किती लांब?" असं त्यानं विचारल्यावर मी म्हटलं, आमचं स्टेशन मलकापूर. त्याला बिचाऱ्याला काही कळेना. आमच्या गावाच्या नावापुढं 'बढे' का लावायचं, हे पोस्टमनला ठाऊक आहे, संगणकाला नाही. ती तक्रार कित्येक दिवस 'प्रक्रियेत' दिसत होती आणि मग आपोआप बंद झाली.

शेवटी नेहमीचाच मेकॅनिक आला. मलकापूरचा पोरगा, आयटीआय झालेला, मोटरसायकलीला मागं गॅसचा सिलेंडर बांधून फिरतो. त्यानं साबणाचा फेस लावून आतलं कॉइल तपासलं. फेसाला एका जागी नाही, दोन-तीन जागी बुडबुडे. "मॅडम, गॅस भरून देतो, पण पैसे वाया जातीन. कॉइल सडलं आहे. ह्या मॉडेलचं नवीन भेटत नाही आता. वेल्डिंग केलं तर इथं बुजवीन, तिथं फुटीन." त्याचा भाव: गॅस आणि वेल्डिंग मिळून बत्तीसशे, हमी फक्त या उन्हाळ्याची. आणि कॉम्प्रेसरही आवाज करतो आहे. तो गेला तर नऊ-दहा हजार.

गॅस इतका महाग का झाला, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बावीस नंबर आता येतच नाही म्हणता येईन." हे त्याचं म्हणणं मला नीट समजून घ्यावंसं वाटलं. आमच्या जुन्या यंत्रात आर-२२ नावाचा वायू होता. ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर तो टप्प्याटप्प्यानं बाद होत आला; भारतात नवी यंत्रं त्याच्यावर बनवणं १ जानेवारी २०२५पासून बंद झालं. जुन्या यंत्रांसाठी तो मिळतो, पण कमी आणि महाग. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो. म्हणजे माझं बिघडलेलं यंत्र मी दुरुस्त करत राहायचं ठरवलं असतं तरी बाजार मला तसं फार दिवस करू देणार नव्हता. आणि दुसरा विचार मनात आला तो जास्त टोचला. दरवर्षी जो गॅस भरला तो गेला कुठं? आमच्याच खोलीतून, आमच्याच खिडकीतून वर. पैसे देऊन आम्ही तो हवेत सोडत होतो.

यांचं म्हणणं पडलं, बत्तीसशेत उन्हाळा निघत असेल तर काढू. माझं म्हणणं, सडलेल्या कॉइलवर आणखी एक रुपया नको. आत्याबाईंचं म्हणणं, "कूलर लावा ना बे मायच्या, मले काय सायबासारखं गार लागते का?" शेवटी त्यांचंच चाललं. गोडाऊनमधला जुना लोखंडी कूलर काढला, नव्या ताट्या बसवल्या, मोटारीला ग्रीस.

एप्रिलमध्ये कूलरनं एसीला मागं टाकलं, हे मला मान्य केलं पाहिजे. कोरड्या हवेत कूलरला तोड नाही. म्हणूनच नागपूरपासून आमच्यापर्यंत सगळा विदर्भ त्याच्यावर उन्हाळा काढतो. वीज पंख्यापेक्षा थोडीच जास्त. पण त्याला पाणी लागतं, आणि भर उन्हाळ्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही. दुपारभर चाललेला मोठा कूलर तीन-चार बादल्या सहज पितो. तेवढं पाणी टाकीतून काढायचं म्हणजे भांड्यांना कमी, गुरांना कमी. टँकर बोलावला की त्याचे पैसे. विजेच्या बिलात वाचलेलं पाण्याच्या बिलात गेलं; फक्त पाण्याचं बिल कुणी छापून देत नाही, म्हणून कूलर फुकटात चालतो असं सगळ्यांना वाटतं.

मग आला मे. २०२५चा मे आठवत असेल. महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस झाला, मान्सूनही लवकर आला. हवा दमट झाली आणि कूलर निकामी. ओल्या हवेत पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार? खोलीत नुसता ओलसर वारा, गादी चिकट, आत्याबाईंचा दमा उसळला. एका रात्री त्यांना नेब्युलायझर लावायला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. एसीचा जन्मच मुळी ओलाव्यावर उपाय म्हणून झाला आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग एकमेकांवर बसायचे नाहीत. म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं हवेतलं पाणी काढणारी यंत्रणा बेतली. ती खोली गार झाली हे ओघानं आलं. दम्याच्या माणसाला कूलर आणि एसी यांतला फरक नेमका इथं कळतो. त्या रात्रीनंतर घरात नवा एसी घ्यायचा की नाही हा वाद राहिला नाही. कधी आणि कितीचा, एवढंच उरलं.

मलकापूरच्या दुकानात जूनमध्ये चौकशी केली. दीड टन, इन्व्हर्टर, तीन तारे: अडतीस हजार. पाच तारे: सेहेचाळीस. हंगाम संपत आलेला, पाऊस पडलेला, घाई नव्हती. आम्ही थांबलो. नंतर पंधरा ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं ऐकलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीरच झालं की एसीवरचा कर २२ सप्टेंबरपासून अठ्ठावीसवरून अठरा टक्के. दुकानदारानं आपणहून यांना फोन केला, "भाऊ, आता येऊ नका, बावीसनंतर या." तीन आठवडे त्याच्या दुकानात कुणी एसीकडे बघितलंही नसेल. अठ्ठावीसचे अठरा झाले म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही, हे मात्र मी यांना कागदावर मांडून दाखवलं. अडतीस हजारांत मूळ किंमत होती २९,६८८ रुपये. तिच्यावर अठरा टक्के लावले की ३५,०३१ होतात. उतार आठ टक्क्यांच्या आतच. वरचे एकतीस रुपये दुकानदारानं सोडले. पाच ताऱ्यांचा त्याच हिशेबानं बेचाळीस हजार चारशेला आला.

तीन तारे की पाच, यावर आमच्या घरात दुकानातल्यापेक्षा जास्त चर्चा झाली. यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं घ्यायचं तर चांगल्यातलं, या सवयीनं त्यांना पाच तारे हवे होते. मी यंत्रावरचं लेबल वाचलं. त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते १,६०० तास चालवल्याचे. शहरातल्या घरांत होत असतील तेवढे तास. आमच्याकडे एसी फक्त रात्रीचा, मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि थोडा ऑक्टोबर हीटमध्ये. फार तर हजार तास. दोन यंत्रांच्या लेबलांत साधारण दोनशे युनिटांचा फरक होता. आमच्या वापराला तो सव्वाशेवर येतो. आमच्या टप्प्यात सगळे आकार आणि वीज शुल्क धरून युनिट बारा-तेरा रुपयांना पडतं. म्हणजे वर्षाला सोळाशे रुपये वाचणार आणि त्यासाठी आज सात हजार चारशे जास्त द्यायचे. साडेचार-पाच वर्षं लागतील भरून यायला. तोट्याचा सौदा नाही, पण ते सात हजार दुसरीकडे जास्त कामाला येतील असं मला वाटत होतं, आणि कुठं ते मला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र खरी. बिल महिन्याला तीनशे युनिटांच्या पुढं गेलं की पुढचं प्रत्येक युनिट पंधरा-सोळा रुपयांच्या घरात जातं. ज्यांच्याकडे दिवसाही एसी चालतो, दोन खोल्यांत चालतो, त्यांनी पाच तारेच घ्यावेत. आणि १ जानेवारी २०२६पासून ताऱ्यांचे निकष आणखी कडक झालेत. तेव्हा गेल्या वर्षीचे तारे आणि यंदाचे तारे एकाच पट्टीनं मोजू नयेत, लेबलावरचे युनिट बघावेत.

टनाचंही असंच. आत्याबाईंनी दुकानदाराला विचारलं होतं, "दीड टन म्हनजे इतलं वजन भिंतीले पेलीन का?" दुकानदार हसला, पण प्रश्न वाईट नव्हता, कारण त्या टनाचा वजनाशी संबंध आहेच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. आमची खोली बारा बाय बारा, तिला एक टन पुरायला हवा. दीड लागतो तो वरच्या उघड्या स्लॅबमुळं आणि पश्चिमेच्या भिंतीमुळं. वरचा अर्धा टन आम्ही खोलीसाठी घेत नाही, स्लॅबसाठी घेतो.

आता पस्तीस हजारांचे साडेएकावन्न कसे झाले ते. मलकापूरहून छोट्या हत्तीनं यंत्र आणायचे सातशे. जुना काढायचे सहाशे. मग मेकॅनिकनं भिंतीतला जुना प्लग उघडला आणि म्हणाला, "याच्यावर मी नवीन मशीन जोडत नाही." आतली वायर अडीच एमएमची, टोकाला काळी पडलेली. बारा वर्षं आम्ही त्याच्यावर एसी चालवला होता. गावातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरपासून स्वतंत्र चार एमएमची तार ओढली, वेगळा एमसीबी टाकला. एकोणतीसशे. इलेक्ट्रिशियन अर्थिंग तपासायला गेला तर अर्थिंगची तार अंगणातल्या नळाला गुंडाळलेली आणि तो नळ केव्हाच प्लास्टिकचा झालेला. म्हणजे अर्थिंग नव्हतंच. परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला पाइप. बावीसशे. हे पैसे एसीचे नव्हेत असं यांचं मत. माझ्या मते एसीचेच, कारण एसी आला नसता तर ते खणलं गेलं नसतं. पण घरातल्या फ्रिजला, पाण्याच्या मोटारीला, सगळ्यांनाच ते मिळालं. मी तर म्हणेन, एसीच्या निमित्तानं झालेलं सगळ्यांत चांगलं काम तेच.

मग व्होल्टेज. नवा एसी 'स्टॅबिलायझरशिवाय चालतो' असं खोक्यावर छापलेलं होतं. मेकॅनिकनं संध्याकाळी सात वाजता मीटर लावून दाखवला: १६८. उन्हाळ्यात सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू होतात तेव्हा याहून खाली जातं, आणि डीपी जळाली की वीज आल्यावर पहिला झटका उलट्या बाजूचा, २६० वगैरे. खोक्यावरची मर्यादा चालण्याची आहे, झटके खाण्याची नाही. इन्व्हर्टर एसीत एक सर्किटचं कार्ड असतं. ते गेलं तर सहा-आठ हजारांना बसतं. चौतीसशेचा स्टॅबिलायझर घेतला. बाकी, नावात इन्व्हर्टर आहे म्हणून लाइट गेल्यावरही चालत असेल अशा समजानं शेजारचे दोघं-तिघं बघून गेले. नाही चालत.

फिटिंगचे पंधराशे आणि मलकापूरहून येण्याजाण्याचे पाचशे. शहरात हे पाचशे नसतात. कंपनीच्या किटमध्ये तांब्याचा पाइप तीन मीटर येतो, आमचं बाहेरचं युनिट मागच्या भिंतीला फिरवून लावावं लागलं, दोन मीटर जास्त, मीटरला साडेआठशे. का फिरवलं, तर जुनं युनिट गोठ्याकडे होतं आणि बरोबर त्याच्या समोरच्या ओसरीत आम्ही कापूस भरतो. २०२१-२२ला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, त्यानंतर एक-दोन वर्षं सगळ्यांनीच भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला. भाव काही वाढला नाही, अंगाला खाज तेवढी सुटली. त्या काळात मेकॅनिकनं बाहेरच्या युनिटची जाळी उघडली तेव्हा आत रुईची गोधडी निघाली होती. कॉम्प्रेसरनं आवाज करायला सुरुवात केली ती तेव्हापासून. म्हणून यंदा पाइपाचे सतराशे मी न कुरकुरता दिले.

स्टँडचे आठशे. भिंतीला भोक आणि प्लॅस्टर चारशे. आणि शेवटचा खर्च असा की तो कुठल्याही दुकानाच्या अंदाजपत्रकात बसत नाही: वानरांसाठी पिंजरा. अजिंठ्याच्या डोंगररांगेतून वानरांच्या टोळ्या खाली येतात, छपरांवरून धावतात. जुन्या एसीच्या पाइपावरचं काळं आवरण त्यांनी दरवर्षी सोलून काढलं, एकदा तर पिल्लू पाइपालाच लोंबकळत होतं. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीचा पिंजरा करून बसवला, हवा मागं अडू नये म्हणून पुढची बाजू मोकळी ठेवून. अठराशे.

ही बेरीज ५१,५००. यंत्राच्या किमतीवर साडेसोळा हजार, म्हणजे जवळपास निम्मे. यंत्र देशभर एकाच भावात मिळतं. बाकीचा खर्च गावागावावर, घराघरावर ठरतो. धामणगावात तो जास्त पडला कारण मेकॅनिक लांब, वीज अशक्त, घर अर्धं जुनं आणि वानरं भरपूर.

जमेच्या बाजूला जुना एसी. दुकानदार बदल्यात अडीच हजार कमी करायला तयार होता. गावात येणाऱ्या भंगारवाल्यानं अडतीसशे दिले, कारण त्यानं आतलं तांबं मनातल्या मनात तोलून पाहिलं. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे २०२२चे नियम आहेत, एप्रिल २०२३पासून लागू आहेत, जुनी यंत्रं अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावीत अशी त्यात कंपन्यांवर जबाबदारी आहे. वर्गात पर्यावरणाच्या धड्यात हे मी मुलांना सांगते. पण मलकापूरच्या दुकानदारानं घेतलेला जुना एसी पुढं कुठं जातो असं विचारलं तर तो म्हणाला, "इथंच, ह्याच भंगारवाल्याकडे." मग अडतीसशेच घेतले. आत सोडायला गॅस उरला नव्हता, तेवढंच समाधान.

आता ते सात हजार, जे पाच ताऱ्यांतून वाचवले. त्यातले एकवीसशे या फेब्रुवारीत स्लॅबवर गेले. चुन्याची निवळी, त्यात चिकटपणासाठी डिंकाचं मिश्रण, दोन हात. पांढऱ्या छपराचं तंत्र काही नवं नाही. २०१०च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महापालिकेनं २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, तिथं पुढं गरीब वस्त्यांची छपरं अशीच पांढरी करण्यात आली. चुना पावसाळ्यात निघून जातो, दरवर्षी लावावा लागतो. धाब्यावर दरवर्षी माती टाकायची तसंच, असं आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यात थोडा टोमणा होता. उरलेल्या पाच हजारांत पश्चिमेच्या भिंतीबाहेर बांबूचा मांडव आणि त्यावर वेल चढवायचा आहे. यांना हा सगळा खुळेपणा वाटतो. पाच ताऱ्यांचा घेतला असता तर चुन्याची बादली उचलावी लागली नसती, हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे. कोण बरोबर ते मेच्या बिलावर कळेल. मागच्या काही वर्षांची मेची बिलं मी काढून ठेवली आहेत.

एसी सत्तावीसवर ठेवतो आणि वर पंखा. नवी यंत्रं सुरू केली की चोवीसवर सुरू होतात, तसा नियमच जानेवारी २०२०पासून आहे. पण आत्याबाईंना चोवीसला स्वेटर लागतो. रिमोट त्यांच्या उशाशी असतो आणि पहाटे तीनला त्या तो बंद करून खिडकी उघडतात. तेवढे तास मी हिशेबातून वजा केले आहेत.

एकच काम राहिलं आहे. आमच्या वीजजोडणीचा मंजूर भार अजून एक किलोवॅटच आहे आणि एकटा एसीच त्याहून जास्त ओढतो. तो तीन किलोवॅट करून घ्यायचा अर्ज भरायचा आहे. त्याचे पैसे वेगळे. वहीत त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. यांनी होळीच्या आधी मोताळ्याला जायचं कबूल केलं आहे.